तुटलेली तार कोणाची?

वीज चोरणाऱ्याचं काय करायचं, हे २००३ च्या विद्युत कायद्यात बारकाईने लिहिलेलं आहे. कलम १३५. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किती पटीत घ्यायचा त्याचा हिशोब, झडती कोणी घ्यायची, झडतीच्या वेळी घरातलं कोण हजर असायला हवं, जप्त मालाच्या यादीवर सही कोणाची, खटला कोणत्या विशेष न्यायालयात चालायचा, सगळं त्यात आहे. याच कायद्यात एकूण १८५ कलमं आहेत. शिवारातून जाणारी तार रात्रीच्या वाऱ्यात तुटून पडली, पहाटे पिकाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाचा पाय तिच्यावर पडला आणि तो जागीच गेला, तर त्याच्या घरच्यांना किती भरपाई मिळावी, ती कोणी द्यावी आणि किती दिवसांत द्यावी, याचं उत्तर मात्र त्या १८५ कलमांपैकी एकातही नाही.

ते उत्तर कायद्यात यायला हवं. त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचं कारण नाही, आणि हे काम नांदेड-लातूरच्या लोकप्रतिनिधींनी अंगावर घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. लातूरच्या शिवराज पाटील चाकूरकरांनी लोकसभेचं अध्यक्षपद भूषवलं. विजेशी तर या भागाच्या नेत्यांचा संबंध फार जुना आहे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झालं, आणि त्या दशकात पाटबंधारे व वीज ही खाती नांदेडच्या शंकरराव चव्हाणांकडे होती. त्याच मंडळाचे ६ जून २००५ रोजी निर्मिती, पारेषण आणि वितरण असे भाग पडले आणि महावितरण जन्माला आली, तेव्हा मुख्यमंत्री लातूरचे विलासराव होते. गावागावात वीज पोहोचावी म्हणून या माणसांनी आयुष्य वेचलं. पोहोचलेल्या विजेने माणूस मेला तर पुढे काय, ही गोष्ट राहून गेली.

आधी शिवारात जाऊ या. नांदेडहून अर्धापूरकडे केळीच्या बागा, मुदखेड-भोकरकडे कापूस आणि सोयाबीन. लातूरहून औसा, निलंगा, रेणापूरकडे सोयाबीन, तूर आणि मांजरा काठाला ऊस. बहुतेक सगळी काळी कसदार जमीन. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. पिकाला ती चांगली, खांबाला वाईट. खांब चांगला खोल आणि काँक्रीट भरून रोवला नसेल तर दोन-चार वर्षांत कलतो. खांब कलला की त्याच्या एका बाजूची तार ताणली जाते आणि दुसऱ्या बाजूची झोल खाते. झोल खाल्लेल्या तारा वाऱ्यात एकमेकींना चाटतात, ठिणग्या उडतात, खाली वाळलेला ऊस असेल तर फड पेटतो. ताणलेली तार सांध्यापाशी झिजत जाते आणि एका वादळात तुटते. म्हणजे तार तुटून पडते त्या रात्रीच्या कितीतरी आधी खांबाने इशारा दिलेला असतो. तो रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसतो.

आता तुटलेली तार जमिनीवर पडल्यावर वीज आपोआप बंद का होत नाही? हा प्रश्न गावोगाव विचारला जातो, आणि त्याचं उत्तर नीट समजून घेतल्याशिवाय जबाबदारीची चर्चा पुढे सरकत नाही.

डीपीवरचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडतो तो जास्त प्रवाह वाहिल्याने. तार पडते तेव्हा तिच्यातून जमिनीत किती प्रवाह जाईल हे जमिनीवर ठरतं. पावसाने भिजलेल्या काळ्या रानात तो बराच जाऊ शकतो. कोरडा मुरूम, दगडी बांध, डांबरी रस्ता असेल तर जेमतेम काही अँपिअर जातो. दहा-वीस मोटारी चालू असलेल्या डीपीसाठी एवढा प्रवाह म्हणजे आणखी एखादी मोटार सुरू झाल्यासारखा. फ्यूजला फरक कळत नाही. माणसाचं शरीर मात्र फार थोड्या प्रवाहाने हार मानतं. घरात बसवायच्या ईएलसीबीचं यंत्र साधारण ३० मिलिअँपिअरला वीज तोडतं, कारण त्यापुढे छातीचे ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. १०० अँपिअरचा फ्यूज आणि ३० मिलिअँपिअर यांत तीन हजार पटींहून जास्त अंतर आहे. माणूस मरायला पुरेसा आणि फ्यूज उडायला अपुरा, असा प्रवाह या अंतरात कुठेही असू शकतो.

त्यात डीपीची अवस्था. क्षमतेपेक्षा जास्त मोटारी जोडलेल्या असल्या की फ्यूज वारंवार जातो. लाइनमनकडे अनेक गावं, तो येईपर्यंत पिकाची पाळी चुकते. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी तारेचे चार-पाच पदर एकत्र पिळून टाकतो. तो फ्यूज पुन्हा जात नाही, कितीही बिघाड झाला तरी. डीपीच्या पेटीला झाकण नसतं, फ्यूजचे किटकॅट फुटलेले असतात, आर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा चोरीला गेलेली असते. यातलं काहीही गुपित नाही. रानात जाणाऱ्या लहान पोरालाही ते माहीत असतं.

जनावरांचं दुःख वेगळं आहे. ओल्या जमिनीवर जिवंत तार पडली असेल तर तिच्यापासून दूर जावं तसा जमिनीतला दाब कमी होत जातो. दोन पायांत जेवढं अंतर, तेवढा त्या दोन पायांमधला विजेचा फरक. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत माणसाच्या पावलापेक्षा जास्त अंतर असतं आणि प्रवाह थेट छातीतून जातो. म्हणून कित्येकदा धनी वाचतो आणि बैल जागेवर कोसळतो. पडलेल्या तारेपासून दूर जाताना दोन्ही पाय जुळवून छोट्या उड्या मारत किंवा पाऊल न उचलता घासत जावं, हे शाळेत शिकवण्यासारखं आहे. बैलाला ते शिकवता येत नाही, त्यामुळे त्याचा बंदोबस्त तारेच्या बाजूनेच व्हायला हवा.

हा बंदोबस्त कायद्याला सुचलेला नव्हता असं मुळीच नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत तारेची उंची ठरवून दिलेली होती. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर, उच्च दाबाची ६.१ मीटर, इतरत्र, म्हणजे शेतशिवारात, ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेसाठी ४.६ मीटर. घराच्या माथ्यापासून कमी दाबाच्या तारेचं उभं अंतर अडीच मीटर, आडवं १.२ मीटर. त्याहून महत्त्वाचा होता नियम ९१. रस्त्यावरून, सार्वजनिक जागेवरून किंवा ग्राहकाच्या आवारातून जाणारी उघडी तार तुटली तर ती आपोआप निरुपद्रवी होईल अशी निरीक्षकाने मान्य केलेली सोय तिला असलीच पाहिजे, असं तो सांगत असे. तारेखालची गार्डिंगची जाळी त्यासाठीच असते: तुटलेली तार आधी आर्थिंग केलेल्या जाळीवर पडावी आणि लाइन बंद व्हावी. २००३ चा कायदा आला तरी हे जुने नियम २०१० पर्यंत चालूच राहिले, आणि २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेल्या सुरक्षा नियमावलीत ही जबाबदारी पुन्हा लिहिली गेली. २०२३ मध्ये त्या नियमावलीची जागा नव्या नियमावलीने घेतली.

म्हणजे तुटलेली तार जिवंत राहता कामा नये, हा नियम अर्धशतकाहून जुना आहे. तो मोडला तर काय, इथे येऊन गाडी अडते.

२००३ च्या कायद्याचा जन्म मराठी माणसांच्या हातून झाला, हे आज फारसं कोणाच्या लक्षात नाही. विधेयक २००१ मध्ये मांडलं तेव्हा केंद्रीय ऊर्जामंत्री होते सुरेश प्रभू. ते मंजूर झालं तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते अनंत गीते. दोघेही कोकणातले खासदार. ९ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने ते मंजूर केलं, तेव्हा सभागृहाचे अध्यक्ष होते मनोहर जोशी, आणि समोरच्या बाकांवर लातूरचे खासदार म्हणून शिवराज पाटील होते. ५ मे रोजी राज्यसभेची मान्यता मिळाली आणि १० जूनपासून कायदा लागू झाला. त्या वेळी देशापुढचा मोठा प्रश्न होता तो वीज मंडळांचा तोटा आणि चोरी. ती चिंता रास्तच होती. चोरीची कलमं म्हणून नव्याने आणि नेटाने लिहिली गेली. अपघाताचं कलम १६१ मात्र १९१० च्या कायद्याच्या कलम ३३ मधून जवळपास तसंच पुढे आलं. अपघात झाला, माणूस किंवा जनावर दगावलं किंवा जखमी झालं, तर विद्युत निरीक्षकाला कळवायचं. सरकारला वाटलं तर चौकशी करून अहवाल मागवायचा. २००५ च्या नियमांनी कळवण्याची मुदत २४ तासांची केली. भरपाईचा उल्लेख १९१० मध्येही नव्हता आणि २००३ मध्येही आला नाही.

ती पोकळी न्यायालयाने भरून काढली, जेवढी न्यायालय भरू शकतं तेवढी. मध्य प्रदेशातला एक कारखाना कामगार २३ ऑगस्ट १९९७ च्या रात्री पाळी संपवून सायकलवरून घरी निघाला होता. पाऊस झाला होता, रस्त्यावर पाणी साचलं होतं, पाण्यात जिवंत तार पडली होती. सायकल तारेवर गेली आणि तो तिथेच गेला. वीज मंडळाचं म्हणणं होतं की कोणीतरी तिऱ्हाइताने आकडा टाकून वीज घेण्याचा प्रयत्न केला, त्यातून ती तार रस्त्यावर आली. यात मंडळाचा काय दोष? मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैलकुमारी या नावाने ओळखला जाणारा हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ११ जानेवारी २००२ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती के. टी. थॉमस आणि एस. एन. फुकन यांनी मंडळाचा बचाव फेटाळला. वीज ही मुळातच धोक्याची वस्तू आहे, ती पुरवण्याचं काम ज्याने पत्करलं त्याने ती निसटणार नाही याची काळजीही पत्करली, आणि ती निसटून नकळत कोणी तिच्यात सापडलं तर भरपाईची पहिली जबाबदारी पुरवठादाराची, मग निष्काळजीपणा सिद्ध होवो वा न होवो, असा त्या निकालाचा आशय आहे. चोरट्याने वीज ओढली हा बचाव होऊ शकत नाही. चोरी रोखण्याची जबाबदारीही पुरवठादाराचीच.

या तत्त्वाचं मूळ इंग्लंडमधल्या १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात आहे. एका गिरणीमालकाने तलाव बांधला, तलावाचं पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं, आणि न्यायालयाने सांगितलं: निसटलं तर नुकसान करील असं काही तू स्वतःच्या कामासाठी जवळ बाळगलंस, तर ते निसटण्याची भरपाई तूच द्यायची. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये हरियाणातल्या एका लहान मुलाच्या प्रकरणात, ज्याचे दोन्ही हात आणि एक पाय विजेच्या धक्क्यानंतर काढावे लागले होते, सर्वोच्च न्यायालयाने ६० लाखांची भरपाई कायम केली.

तत्त्व पक्कं आहे. पण देगलूर किंवा अहमदपूर तालुक्यातल्या विधवेने त्या तत्त्वापर्यंत पोहोचायचं कसं?

तिच्या वाटेवर एक एक पाऊल टाकून बघू. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. शवविच्छेदन होतं. नांदेडला ते बहुतेक विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाच्या शासकीय संस्थेत. विद्युत निरीक्षक येतो, पाहणी करतो, अहवाल लिहितो. कंपनीची सानुग्रह मदत त्या अहवालावर अवलंबून असते, आणि ती मदत असते, हक्क नसतो. अहवालात ‘अनधिकृत व्यक्ती खांबावर चढल्यामुळे’ किंवा ‘ग्राहकाच्या अंतर्गत मांडणीतील दोषामुळे’ असं एक वाक्य आलं की तिथेच वाट बंद.

मग ती ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाईल म्हणावं, तर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २००६ च्या विनियमांनी या मंचांना काही विषय हाताळायला मनाई केली. त्यात कलम १२६ खालचा अनधिकृत वापर आहे, कलम १३५ ते १३९ खालचे गुन्हे आहेत, आणि कलम १६१ खालचा अपघातही आहे. बिल चुकलं तर मंच ऐकतो, माणूस गेला तर ऐकत नाही. ही तरतूद वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. अपघात हा विषय गुन्ह्यांच्या रांगेत कसा बसवला गेला, हे मला अजून समजावून घेता आलेलं नाही.

राहिला दिवाणी दावा. तो करायचा १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली. हा कायदा झाला तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होती. दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. पहिलं वर्ष तर वर्षश्राद्धात, कर्जवाल्यांच्या येण्याजाण्यात आणि कागद गोळा करण्यात जातं. दोन वर्षं उलटली की हक्कच संपतो. उच्च न्यायालयात याचिका करायची तर छत्रपती संभाजीनगरचं (औरंगाबाद) खंडपीठ गाठावं लागतं, दोन्ही शहरांपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आणि तिथे वस्तुस्थितीचा वाद निघाला, तार कशी तुटली, खांबावर कोण चढलं, तर याचिकेत पुरावा घेता येत नाही, दिवाणी न्यायालयात जा, असं सांगितलं जाऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाचे तसे निकालही आहेत.

आता शेजारी ठेवा तीन प्रसंग. तोच माणूस एसटीखाली सापडला असता तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १६४ प्रमाणे दोष कोणाचा हे न बघता पाच लाख. रेल्वेतून पडला असता तर रेल्वे कायद्याचं कलम १२४अ आणि आठ लाख. आभाळातून वीज पडून गेला असता तर तलाठ्याचा पंचनामा, तहसीलदाराची मंजुरी आणि शासनाचे चार लाख. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या आकड्यांत आभाळातल्या विजेने तीन हजारांहून कमी माणसं गेली आणि विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून जास्त. ज्याने चौपट माणसं मरतात, त्याच्यासाठीच ठरलेली वाट नाही.

विधिमंडळात हा विषय येत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मराठवाड्यातले आमदार पक्ष कोणताही असो, विजेवर पोटतिडकीने बोलतात: जळालेली डीपी, रखडलेल्या जोडण्या, रात्रीची वीज, थकबाकीसाठी तोडलेलं कनेक्शन. तारांकित प्रश्नांचा साचा ठरलेला आहे. ‘अमुक गावात विद्युत तार तुटून शेतकऱ्याचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ त्याला छापील उत्तर येतं, ‘हे खरे आहे’ किंवा ‘अंशतः खरे आहे’, पुढे मदत दिल्याचा तपशील, आणि शेवटच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’. नियम १०५ खालची लक्षवेधी असेल तर मंत्री उभे राहून निवेदन करतात, दोन-चार उपप्रश्न होतात. त्या घराला मदत लवकर मिळते, हे खरंच मोलाचं. पण पुढच्या घरासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या प्रश्नोत्तरात एक अडचण रचनेतली आहे. महावितरण ही सरकारच्या मालकीची कंपनी. तिच्यावर देखरेख करणारा विद्युत निरीक्षक हा राज्याच्या ऊर्जा विभागाचा अधिकारी. आणि सभागृहात उत्तर देणारे ऊर्जामंत्री. ज्याचा दोष असू शकतो, जो दोष ठरवतो आणि जो दोषाबद्दल उत्तर देतो, ते तिघं एकाच खात्याच्या छपराखाली. निरीक्षक प्रामाणिक नसतात असं मला म्हणायचं नाही. अनेक अहवालांत कंपनीवर स्पष्ट ठपका असतो. पण नवऱ्याच्या मृत्यूचा अहवाल बायकोला आपणहून मिळत नाही, माहितीच्या अधिकारात मागावा लागतो, ही गोष्ट कोणत्याही सचोटीने भरून निघत नाही.

दुसरी बाजूही मांडायलाच हवी, नाहीतर हा लेख खोटा होईल. विजेचा प्रत्येक मृत्यू कंपनीच्या माथी मारता येणार नाही. किनवट-माहूरच्या जंगलालगत रानडुकरं रातोरात मका आणि हरभरा लोळवतात, म्हणून बांधाला तार ओढून त्यात थेट घरातली वीज सोडणारे शेतकरी आहेत. त्या तारेवर शेजारी मेला, सालगडी मेला, कधी स्वतःचाच मुलगा मेला. बाजारात झटका मशीन मिळतं, ते क्षणभराचा झटका देऊन थांबतं आणि जीव घेत नाही. थेट जोडलेली तार सोडत नाही. तिथे जबाबदारी तार ओढणाऱ्याची, आणि कायद्याने ती तशीच राहिली पाहिजे. मोटारीला ऑटो स्विच लावून ठेवणं हेही तसंच. रात्री लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते. विहिरीवर दुरुस्तीला उतरलेल्या माणसाला ते माहीत नसतं.

आणि लाइनमन. त्याच्याविषयी गावात राग असतो, पण तुटलेल्या तारेचा सगळ्यात जवळचा शेजारी तोच आहे. उपकेंद्रातून परमिट घेऊन तो खांबावर चढतो. तिकडून कोणी चुकून लाइन सोडली, किंवा खाली एखाद्याने जनरेटर चालू केला आणि वीज उलटी तारेत आली, तर त्याला पळायला जागा नसते. कायम लाइनमन कमी आणि कंत्राटी मुलं जास्त, असं चित्र बहुतेक कक्षांत आहे. हातमोजे, कमरपट्टा, आर्थिंगचा दांडा या गोष्टी प्रत्येक चढणाऱ्याच्या हातात असायला हव्यात. २०१६ मध्ये राज्याने ग्रामपंचायतीमागे एक ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमण्याचं ठरवलं होतं, आयटीआय झालेला गावातलाच तरुण. कल्पना उत्तम होती. गावचं पोरगं शिकून-सवरून, साधनं घेऊन, अधिकाराने खांबावर चढलं तर कोणाला चोरून चढावं लागणार नाही. तिचं पुढे किती गावांत काय झालं, हा लक्षवेधीचा विषय होऊ शकतो.

कंपनीची जबाबदारी कुठवर जाऊ शकते, याचं एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचं आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एका पारेषण मनोऱ्यावरचा लोखंडी हूक झिजून तुटला. मनोरा शंभर वर्षांच्या घरातला होता. तार सुटली, ठिणगी पडली आणि पॅराडाइज नावाचं गाव जळून गेलं. ८५ माणसं मेली. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. जून २०२० मध्ये न्यायालयात मृतांची नावं एकेक करून वाचली गेली आणि कंपनीच्या प्रमुखांनी उभं राहून ८४ वेळा गुन्हा कबूल केला. त्या कबुलीने गेलेली माणसं परत आली नाहीत, आणि दंडाची रक्कमही कंपनीच्या आकारापुढे किरकोळ होती. तरीही एका झिजलेल्या हुकासाठी कंपनीच्या प्रमुखाला न्यायालयात उभं राहावं लागलं, ही गोष्ट मला मोठी वाटते. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल झालाच तर तो बहुधा लाइनमनपर्यंत किंवा कक्षाच्या अभियंत्यापर्यंत येऊन थांबतो. कललेले खांब बदलायला पैसा का दिला नाही, हे ज्याला विचारायचं तो त्या गुन्ह्यात नसतो.

मग आमदाराने करायचं काय? संविधानाच्या समवर्ती सूचीत ३८ वी नोंद आहे वीज. म्हणजे विजेवर संसद कायदा करू शकते तसं राज्याचं विधिमंडळही करू शकतं, आणि केंद्राच्या कायद्याशी विसंगती येत असेल तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याचा कायदा राज्यापुरता चालतो. महाराष्ट्राला अशा वाटेची सवय आहे. वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा कायदा या राज्याने १९७७ मध्ये केला. देशाला तो करायला २००५ उजाडलं.

मसुदा फार मोठा लागणार नाही. विजेच्या तारेने, खांबाने, ताणाने किंवा डीपीने मृत्यू झाला तर दोष न बघता एक ठरावीक रक्कम, तीस दिवसांत, आणि ती रेल्वेच्या आठ लाखांहून कमी नसावी. त्यावरच्या भरपाईचा दावा नव्या न्यायालयाशिवाय, जिल्ह्यात आधीच असलेल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. दुभत्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी बाजारभावाने वेगळा दर, कारण पोळ्याला ज्याच्या दावणीला बैल उरला नाही त्याची पेरणीही बुडते. निरीक्षकाचा अहवाल कुटुंबाला मराठीत, विनामूल्य, ठरलेल्या दिवशी. निरीक्षकाचं कार्यालय ऊर्जा विभागातून काढून विधी व न्याय विभागाकडे किंवा स्वतंत्र आयुक्ताकडे. स्वतःहून कुंपणात वीज सोडणाऱ्याला यातून वगळणं. आणि एक कलम, जे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं: कललेला खांब, झोल खाल्लेली तार किंवा उघडी डीपी याबद्दल ग्रामपंचायतीने लेखी कळवलं असेल आणि त्यानंतर अपघात झाला, तर भरपाई दुप्पट, आणि ज्या अधिकाऱ्यापाशी तो कागद पडून राहिला त्याचं नाव निर्णयात. या एका कलमाने ग्रामसभेच्या ठरावाला धार येईल. आज असे ठराव होतात, शिक्के बसतात आणि फायलीत राहतात.

पैशाचं काय, हा प्रश्न लगेच येईल, आणि तो योग्य आहे. महावितरणची थकबाकी मोठी आहे, कृषी पंपांची वसुली अवघड आहे, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे आणि तिचा भार अनुदानावर आहे. पण वीजदर ठरवताना नियामक आयोग कंपनीच्या खर्चाचे मथळे एकेक करून तपासतो. सुरक्षेचा खर्च तिथे वेगळ्या मथळ्याखाली मंजूर करून घेता येईल, आणि तो दुसरीकडे वळवता येणार नाही अशी अट घालता येईल. दरनिश्चितीच्या जनसुनावण्या विभागीय ठिकाणी होतात, मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरला. तिथे उद्योजकांच्या संघटना आकडे घेऊन येतात. नांदेडचा किंवा लातूरचा आमदार आपल्या मतदारसंघातल्या कललेल्या खांबांची यादी घेऊन तिथे उभा राहिला, तर आयोगाला ती नोंदवून घ्यावीच लागेल. ‘सौर कृषी वाहिनी’मुळे अनेक ठिकाणी दिवसा वीज मिळू लागली आहे, अंधारातलं पाणी देणं कमी होतंय, ही मोठी सोय आहे. दिवसा तार निदान दिसते. पण नव्या सौर वाहिनीची वीजसुद्धा शेतापर्यंत येते ती त्याच जुन्या खांबांवरून.

अशासकीय विधेयक मांडायला मंत्रिपद लागत नाही, बहुमत लागत नाही. संसदेत आजवर अशी चौदाच विधेयकं कायदा झाली आणि त्यातलं शेवटचं १९७० मधलं, हे मला माहीत आहे. पण विधेयक मांडलं की ते छापलं जातं, त्यावर सरकारला भूमिका घ्यावी लागते, आणि पुढे सरकार स्वतःच तो विषय उचलतं असंही घडतं. दिवाळीनंतर महिन्याभराने नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं. विधेयकाची सूचना त्याआधी विधानमंडळ सचिवालयाकडे द्यावी लागते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मिळून विधानसभेचे पंधरा मतदारसंघ आहेत, नांदेडचे नऊ आणि लातूरचे सहा. सूचनेवर एका सदस्याची सही पुरते.